एलसीची कागदपत्रे कोणत्या बँकेत द्यावीत? सादरीकरणाच्या तारखेवरून पर्यायांची तुलना

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) म्हणजे ठरलेली कागदपत्रे मिळाल्यावर निर्यातदाराला पैसे देण्याचे आयातदाराच्या बँकेचे लेखी वचन. माल जहाजावर चढून बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने माल चढवून घेतल्याची पावती) हाती आले की बहुतेक निर्यातदार सवयीने आपले खाते असलेल्या बँकेत जातात, कागदपत्रांचा संच काउंटरवर देतात आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेऊन निर्धास्त होतात. हा शिक्का मुदतीच्या हिशेबात नेहमीच उपयोगी पडतो असे नाही. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या यूसीपी ६०० या नियमावलीनुसार (ती १ जुलै २००७ पासून लागू आहे) कागदपत्रे एलसी उघडणाऱ्या बँकेकडे किंवा एलसीत नामनिर्देशित केलेल्या (म्हणजे कागदपत्रे घेऊन पैसे देण्याचा अधिकार दिलेल्या) बँकेकडे पोहोचली, तरच ती सादर झाली असे मानले जाते. त्यामुळे ती कोणाकडे द्यायची या निर्णयावरच सादरीकरणाची तारीख ठरते.

पाळायच्या तारखा मुळात दोन असतात. एक एलसीच्या वैधतेची अखेर. दुसरी, मूळ वाहतूक दस्तऐवज मागितला असेल तर, माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांची. एलसीत वेगळी मुदत लिहिली असेल तर २१ऐवजी ती धरावी. दोन्हींपैकी जी आधी येते ती शेवटची. समजा माल ३ मार्चला रवाना झाला आणि एलसी ३१ मार्चपर्यंत वैध आहे. तरीही कागदपत्रे २४ मार्चपर्यंतच सादर व्हायला हवीत. हेच उदाहरण पुढे प्रत्येक पर्यायाला लावून पाहू.

पहिला पर्याय म्हणजे आपल्याच शहरातील नामनिर्देशित बँक. तिथे २४ मार्चला कामकाजाच्या वेळेत संच दिला की मुदत पाळली गेली. पुढे तो एलसी उघडणाऱ्या बँकेत कधी पोहोचतो यावर ती अवलंबून राहत नाही. दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. नामनिर्देशित बँकेने कागदपत्रे एलसीच्या अटींनुसार असल्याचे ठरवून पुढे पाठवली आणि ती वाटेत गहाळ झाली, तरी कलम ३५नुसार एलसी उघडणाऱ्या बँकेला आपली जबाबदारी पार पाडावीच लागते, मग नामनिर्देशित बँकेने स्वतः पैसे दिलेले असोत वा नसोत. शिवाय बीजकात किंवा विमापत्रात चूक निघाली तर ती दुरुस्त करायला बँक हाकेच्या अंतरावर असते. दुरुस्त कागदही त्याच मुदतीत पोहोचावे लागतात, म्हणून या अंतराला महत्त्व आहे.

या पर्यायाची किंमतही आहे. शुल्क वाढते, आणि तपासणीसाठी कमाल पाच बँक-दिवसांची (बँकेच्या कामकाजाच्या दिवसांची) मुदत प्रत्येक बँकेला स्वतंत्रपणे मिळते (मोजणी सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवसापासून), त्यामुळे पैसे हाती येण्यास उशीर होऊ शकतो. नामनिर्देशन झाले म्हणून बँक पैसे देण्यास बांधील होते असेही नाही. ते बंधन, तिने एलसीला पुष्टी (म्हणजे पैसे देण्याचे स्वतःचे वेगळे वचन) दिलेली नसेल तर, तिने स्वतः मान्य केले तरच येते. ती बँक नामनिर्देशित म्हणून संच स्वीकारणार आहे की केवळ टपालवाहकाचे काम करणार आहे, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

दुसरा पर्याय थेट एलसी उघडणाऱ्या बँकेकडे पाठवण्याचा. एलसीत दुसरी बँक नामनिर्देशित असली तरी हा मार्ग खुला राहतो. मधली बँक वगळल्याने शुल्क वाचते आणि पाच दिवसांची मोजणी एकदाच होते. मात्र इथे तारीख धरली जाते ती कागदपत्रे तिथे पोहोचल्याची. कुरिअरला तीन दिवस लागतात असे धरले, तर २४ मार्चला निघालेला संच २७ला पोहोचतो आणि सादरीकरण उशिराचे ठरते; वाटेत तो हरवला तर ते झालेच नाही. एलसीला दुसऱ्या बँकेची पुष्टी असेल तर हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण पुष्टी देणाऱ्या बँकेचे वचन तिच्याकडे किंवा अन्य नामनिर्देशित बँकेकडे केलेल्या सादरीकरणापुरतेच असते. तिला टाळले तर ज्या पुष्टीसाठी पैसे मोजले तीच हातची जाते.

तिसरा पर्याय, म्हणजे नामनिर्देशित नसलेली आपली नेहमीची बँक, वरकरणी पहिल्यासारखा दिसतो, पण तारखेच्या बाबतीत तो दुसऱ्या पर्यायासारखाच आहे. ही बँक केवळ तुमच्या वतीने संच पुढे पाठवते. तिने एलसीची सूचना तुम्हाला कळवली होती एवढ्याने ती नामनिर्देशित होत नाही. अपवाद एकच: एलसी 'कोणत्याही बँकेत' उपलब्ध असेल तर हीच बँक पहिल्या पर्यायात मोडते. म्हणून एलसीचा मसुदा ठरतानाच ही तरतूद मागून घ्यावी. नंतर दुरुस्ती करून घेण्यापेक्षा ते सोपे जाते.

सुट्ट्यांचा हिशेब तिन्ही पर्यायांत सादरीकरणाच्या ठिकाणाप्रमाणे होतो. शेवटच्या दिवशी तिथली बँक नेहमीच्या सुट्टीमुळे बंद असेल तर मुदत पुढच्या बँक-दिवसापर्यंत वाढते. माल रवाना करण्याची शेवटची तारीख मात्र वाढत नाही. दंगल, युद्ध, संप किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे कामकाज थांबले आणि त्या काळात एलसीची वैधता संपली, तर बँक पुन्हा उघडल्यावरही पैसे देण्यास बांधील नसते. कामकाजाच्या वेळेनंतर आलेला संच स्वीकारण्याचे बंधनही बँकेवर नाही. स्टँडबाय एलसी (व्यवहारातील देणे चुकल्यास वापरायची, हमीसारखी एलसी) तिच्यासाठीच्या आयएसपी ९८ या वेगळ्या नियमावलीखाली असेल तर वेळेनंतर आलेली कागदपत्रे कामकाजाच्या पुढच्या दिवशी आली असे मानतात, आणि अपुरा संचही तपासणीयोग्य सादरीकरण ठरतो. यूसीपीत अपुऱ्या संचाबद्दल असा थेट नियम नसल्याने, उरलेले कागद येईपर्यंत तपासणी सुरू करू नये, अशी स्पष्ट सूचना सोबतच्या पत्रात लिहिणे बरे.

एलसी ईयूसीपीच्या (यूसीपीला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक सादरीकरणाच्या नियमांच्या) अधीन असल्याचे तिच्यात लिहिले असेल तर इलेक्ट्रॉनिक सादरीकरणाचा चौथा मार्ग मिळतो आणि कुरिअरची चिंता बरीच मिटते. नोंदी वेगवेगळ्या वेळी पाठवता येतात. पण सादरीकरण पूर्ण झाल्याची सूचना सादर करणाऱ्याने वेगळी द्यावी लागते. ती बँकेला मिळाली नाही तर सगळ्या फाइल्स वेळेत पोहोचूनही सादरीकरण झालेच नाही असे धरतात, आणि तपासणीचे पाच दिवसही ती मिळाल्यानंतरच्या पुढच्या बँक-दिवसापासूनच मोजतात.