टपावर एक वीत जागा जास्त उरली, तेव्हाच मी बोलायला हवे होते

फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडीच्या टपावर सौर पॅनेल बसवून देणाऱ्या एका माणसाने माझी २,६६,००० रुपयांची फसवणूक केली. आयुष्याची ३१ वर्षे मी एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात काढली आहेत, आणि इतरांच्या पावत्यांतील चुका पकडणारा माणूस स्वतःच्या घरातील पावती न वाचता पैसे देतो, ही गोष्ट सांगताना मला आजही मान खाली घालावी लागते. तरीही लिहितो आहे, कारण तो माणूस अजून कोल्हापूर आणि इचलकरंजी भागात कामे घेतो, आणि त्याने माझ्या गाडीच्या टपावर जे बसवले होते त्याने रस्त्यावरच्या एखाद्या अनोळखी माणसाचा जीव गेला असता.

निवृत्तीनंतर मी एक जुनी मिनीबस घेऊन तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि छोट्या फ्रिजची सोय करून घेतली. अनेकांनी हा हौसेचा खर्च ठरवला, म्हणून सांगतो की माझ्या पत्नीला दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात किंवा पंढरपूरकडे मुक्कामी राहायचे तर फ्रिज रात्रभर चालला पाहिजे, आणि दर मुक्कामी कोणाच्या तरी दारात वायर टाकून वीज मागणे आम्हा दोघांनाही नको होते. म्हणूनच टपावर भरपूर क्षमतेचे सौर पॅनेल बसवायचे ठरवले.

मी काही पहिल्याच माणसाच्या गळ्यात हात टाकला नाही. तीन ठिकाणांहून कोटेशन घेतले, आणि या माणसाचे कोटेशन त्यांत सर्वांत स्वस्त नव्हते, मधले होते. त्याने केलेले शेतीपंपाचे एक काम मी हातकणंगले तालुक्यात स्वतः जाऊन पाहिले होते आणि ते काम चांगले होते. कोटेशन असे होते: ४५० वॅटचे चार मोनो पॅनेल ५८,०००, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा ३८,०००, २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी ७८,०००, एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलची जास्तीत जास्त वीज बॅटरीत उतरवणारे यंत्र) २४,५००, २,००० वॅटचा इन्व्हर्टर ३१,५००, वायरिंग २७,०००, मजुरी ३५,०००. एकूण २,९२,०००. मी ५१,००० आगाऊ दिले, नंतर यूपीआयने १,००,०००, त्यानंतर ‘मेव्हण्याच्या खात्यावर टाका, माझ्या खात्याची मर्यादा संपली आहे’ म्हणाला म्हणून ७०,०००, आणि बसवण्याच्या दिवशी रोख ४५,०००. शेवटचे २६,००० मी काम पाहून देईन म्हणून मागे ठेवले, आणि या साऱ्या व्यवहारात माझ्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट तेवढी एकच. दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर पैसे मागितले की तिथेच उठावे. त्या ७०,००० रुपयांचा माग काढणे मला आजतागायत जमलेले नाही.

त्या कोटेशनवर जीएसटी क्रमांक होता आणि तो २९ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, २९ हा कर्नाटकाचा संकेतांक आहे. माल बेळगावहून येतो, हे त्याचे स्पष्टीकरण मी मनातल्या मनात स्वतःच तयार करून स्वीकारले. पण कर्नाटकातील नोंदणीवर महाराष्ट्रातील ग्राहकाला माल विकताना आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा एकच कर, लागतो, आणि त्या कागदावर केंद्राचा व राज्याचा कर वेगवेगळा दाखवलेला होता. असा कागद कारखान्यात माझ्या टेबलावर आला असता तर मी दोन मिनिटांत परत पाठवला असता. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही क्रमांक टाकून पाहता येतो. मी पाहिला, पण जून महिन्यात; नोंदणी रद्द झालेली होती.

तो मला आणखी एक गोष्ट सुचवत होता. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट व त्यावरील संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, तेव्हा घराचे वीजबिल द्या, हेच काम घरावर दाखवून अनुदान काढून देतो, असे त्याने सांगितले. ती योजना वीजवाहिनीला जोडलेल्या घरगुती छतांसाठी आहे, गाडीसाठी नाही, हे मला ठाऊक होते आणि मी स्पष्ट नकार दिला. पण जो माणूस सरकारला फसवण्याचा प्रस्ताव माझ्यासमोर इतक्या सहज ठेवतो, तो मला का सोडेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. आपण प्रामाणिक राहिलो याच समाधानात मी घरी आलो.

आता त्या दिवसाविषयी, जो मी वारंवार आठवतो. काम महामार्गालगतच्या एका शेडमध्ये चालले होते. ४५० वॅटचे पॅनेल साधारण २०९४ मिलिमीटर लांब आणि १०३८ मिलिमीटर रुंद असते. मी घरी आलेखाच्या कागदावर टपाचे चित्र काढले होते. चार पॅनेल आडवे टाकले, मध्ये दोन-दोन सेंटिमीटर सोडले, की शेवटचे पॅनेल आणि हवेची खिडकी यांच्यात जेमतेम पाच सेंटिमीटर उरत होते, आणि तेवढ्यात पाणी साचेल का, याची मला चिंता होती. संध्याकाळी शिडीवर चढून पाहिले तर तिथे माझी अख्खी वीत बसत होती. मी अक्षरशः वीत ठेवून पाहिली. अंगठा पॅनेलच्या कडेला आणि करंगळी खिडकीच्या रबराला. मी त्याला विचारले, ‘‘जागा जास्त कशी उरली?’’ तो खालूनच म्हणाला, ‘‘काका, फिटिंग टाइट बसवलंय, तुम्ही बिनघोर ऱ्हावा.’’ दोन-दोन सेंटिमीटरच्या फटी कितीही आवळल्या तरी १८ सेंटिमीटर वाचत नाहीत, हे तिसरीतल्या मुलालाही कळेल. मला मात्र आनंद झाला, कारण पॅनेल पुसायला पाय ठेवण्यापुरती जागा मिळाली होती. खिशात टेप होता. तो मी काढला नाही, आणि खाली उतरून ४५,००० रुपये मोजून दिले.

ती पॅनेल जुनी, ३३५ वॅटची पॉली (आधीच्या, कमी क्षमतेच्या प्रकारची) पॅनेल होती, १९५६ बाय ९९२ मिलिमीटरची. त्यांचा निळसर रंग आणि चौकोनी अख्खे सेल मी पाहिले होते. नव्या मोनो पॅनेलचे सेल काळे आणि अर्धे कापलेले असतात, हेही वाचले होते. संध्याकाळचा उजेड होता, टपावर धूळ होती, आणि मागच्या बाजूला ४५० वॅटचे लेबल होते, एवढेच मी माझ्या बाजूने सांगू शकतो. ते लेबल पुढे उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटर मिस्त्रींनी माझ्यासमोर नखाने उचलले. कोपरा सुटला, आणि खाली जुन्या पिवळट लेबलावरचा ३३५ हा आकडा निघाला. पॅनेल घेताना मागचे लेबल वाचून थांबू नका; काचेच्या आत बंदिस्त असलेला अनुक्रमांक मागच्या लेबलाशी जुळवा, आणि टेप लावा.

एप्रिलमध्ये आम्ही आंबा घाटाने गणपतीपुळ्याला निघालो. मलकापूर सोडल्यावर वरून ठक्-ठक् आवाज येऊ लागला. भांडी हलत असतील असे पत्नी म्हणाली. घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलंडते आहे, हे मला स्टिअरिंगवर जाणवले. कडेला थांबून वर चढलो तेव्हा पुढच्या बाजूचे सांगाड्याचे दोन पाय पत्र्यातून सुटून बोटभर वर उचलले होते. आमच्या मागे एक तरुण जोडपे दुचाकीवर होते आणि बाईच्या मांडीवर मूल होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि पुढे निघून गेले. ते मूल मला अजून रात्री आठवते.

ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३० किलोइतका होतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. जवळजवळ दोन चौरस मीटरचे पॅनेल असेल तर एकेक पॅनेलला वर उचलणारा सुमारे ६० किलोचा जोर बसू शकतो. असे चार पॅनेल त्या माणसाने टपाच्या पातळ पत्र्यात नुसत्या सेल्फ स्क्रूने टोचले होते आणि वर सिलिकॉन थापले होते. टपाखालच्या आडव्या चॅनलपर्यंत (टपाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांपर्यंत) एकही स्क्रू पोहोचला नव्हता. सांगाडा चॅनलवरच आला पाहिजे, आरपार नटबोल्ट, खालून रुंद पट्टी आणि हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट हवेत, आणि हे काम आतले प्लायवूड लावण्यापूर्वी डोळ्यांदेखत करून घ्यावे. प्लायवूड लागल्यावर काहीच दिसत नाही, आणि माझ्याकडे तो आधी प्लायवूड लावून घ्या म्हणून घाई करत होता, त्याचा अर्थ मला आता कळतो.

अ‍ॅल्युमिनियमचा म्हणून ज्याचे ३८,००० घेतले तो सांगाडा चंदेरी रंग दिलेल्या लोखंडी अँगलचा निघाला. चाळीस बाय चाळीस, पाच मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला तीन किलो भरतो आणि असा ३० मीटर अँगल टपावर होता, म्हणजे सांगाडाच ९० किलोचा. अ‍ॅल्युमिनियमचा तो तिसऱ्या हिश्श्यात झाला असता. सगळे उतरवल्यावर वजनकाट्यावर गाडी १८० किलोने हलकी झाली. एवढे ओझे सर्वांत उंच जागी घेऊन मी घाटात वळत होतो. फ्रिजवर लावायचे एक चुंबक खिशात ठेवले असते तर ३८,००० वाचले असते.

वीज कमी पडते, हे तर पहिल्याच आठवड्यात दिसत होते. त्याने फोनवर ‘ढग आहेत’, ‘धूळ आहे’, ‘बॅटरी नवी आहे, उघडायला वेळ लागतो’ अशी कारणे दिली आणि मी ती ऐकत राहिलो. मिस्त्रींच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने भर दुपारी तारेतला विद्युतप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा १३.४ व्होल्टला ३१ अँपिअर, म्हणजे जेमतेम ४१५ वॅट येत होते. १,८०० वॅटचे पैसे मोजले होते. बॅटरी भरत असताना पॅनेलच्या तारांवरही बॅटरीइतकाच व्होल्टेज दिसत होता, आणि त्यावरून कंट्रोलर एमपीपीटी नसून पॅनेलची बरीच वीज वाया घालवणारा साधा पीडब्ल्यूएम आहे हे उघड झाले. खऱ्या एमपीपीटीत तांब्याची मोठी कॉइल असते, तो हातात जड लागतो. माझा एका हातात पुस्तकासारखा उचलला जात होता. बॅटरीवर सुमारे ३०० वॅटचा भार टाकला तर साडेसात तासांऐवजी साडेतीन तासांत ती बंद पडली, म्हणजे क्षमता निम्म्याहून कमी. आणि सर्वांत भयंकर म्हणजे बॅटरी व इन्व्हर्टर यांच्यामध्ये फ्यूजच नव्हता. १२ व्होल्टवर २,००० वॅट म्हणजे १६७ अँपिअर, नुकसान धरून त्याहून जास्त. त्यासाठी अवघी १६ चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली, तीही सुरीने खरवडली की आतून पांढरी पडणारी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. टोकाच्या धातूच्या जोडणीजवळ तिचे रबर वितळून काळे झाले होते. त्याच्या बरोबर वर पत्नीचे अंथरूण होते.

यानंतर मी पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठाण्यात सांगितले की काम झालेली शेड आपल्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितले की पैसे तुम्ही घरून पाठवले, तेव्हा घराच्या हद्दीत जा. तिसऱ्यांदा पहिल्याच ठाण्यात गेलो तर ‘काका, हा दिवाणी मामला आहे, वकील करा’ असे उत्तर मिळाले. पॅनेलवर खोटे लेबल चिकटवणे हा दिवाणी मामला कसा, हे मी विचारले, तेव्हा अधिकाऱ्यांनी मलाच विचारले की गाडीत बदल करण्याची परवानगी कुठे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मनाने करता येत नाही, आणि माझी परवानगीची कागदपत्रे अपुरी होती, हे मी नाकारत नाही; तो बदल नोंदवून देण्याचे काम मजुरीच्या ३५,००० रुपयांत आहे, असे पॅनेल बसवणाऱ्या त्याच माणसाने मला सांगितले होते. पण माझी चूक त्याची चोरी कशी पुसते? चार तास बाकावर बसून मी तक्रारदार म्हणून गेलो आणि आरोपीसारखा बाहेर आलो. विमा कंपनीने तर फोनवरच सांगितले की बदल आधी कळवला नसल्याने कशाचाच विचार होणार नाही. बँकेने त्या ‘मेव्हण्याचे’ नाव देण्यास नकार दिला. पोलिसांचे पत्र आणा म्हणाले, आणि पोलीस म्हणाले बँकेचे पत्र आणा. या दोन दारांत माझा अख्खा जुलै गेला.

कायदा काय म्हणतो ते मला मुलीने वाचून दाखवले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते, आणि नकार मिळाला तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांकडे लेखी, टपालाने पाठवता येते. ठाण्यात जाताना ही कलमे कागदावर लिहून न्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांची कसलीही पोच माझ्याकडे नाही, त्यामुळे त्या झाल्याच नाहीत असे आता सांगितले जाते.

ग्राहक तक्रार मी ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावरून दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा लाजेपोटी वर्ष घालवू नका. मी तीन महिने घालवले, कारण भावाला आणि जावयाला काय सांगावे, हे मला समजत नव्हते. त्या माणसाचा जुना क्रमांक बंद आहे. उरलेल्या २६,००० साठी मात्र नव्या क्रमांकावरून दोनदा फोन आला.

उतरवलेली चारही पॅनेल अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आहेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला, मी दिली नाहीत. अर्धवट उचललेले ते लेबल पावसात सुटू नये म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवले आहे, कारण पुढच्या तारखेला ते दाखवायचे आहे.