सांगलीपर्यंतचा हनिमून

२६ मार्च २०२५ च्या रात्री आम्ही दोघं महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सांगलीला उतरलो. तिकीट मुंबईपर्यंतचं होतं. बॅगांना लाल रिबिनी होत्या, परदेशातल्या विमानतळावर लांबून ओळखू याव्यात म्हणून आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, बांधलेल्या. नवऱ्याच्या डोक्यावर महाद्वार रोडवरून घेतलेली समुद्रावरची टोपी होती, ती काढायचं भान त्याला कोल्हापूरला परत येईपर्यंत राहिलं नाही. बालीला निघालेली माणसं दीड तासात सांगलीच्या प्लॅटफॉर्मवर. गेलेले पैसे १ लाख ८० हजार ५००.

पुढच्या लग्नसराईत कुणीतरी असंच फसेल, म्हणून हे सगळं लिहितेय. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. त्याला टूरवाला म्हणते.

त्याची ओळख झाली ती फोटोग्राफरमुळे. डिसेंबरात पन्हाळ्यावर प्री-वेडिंगचं शूट होतं. तिथं फोटोग्राफरने मोबाईलवर त्याच्या मावसभावाचे बालीचे फोटो दाखवले. उबुडचा झोपाळा, पाण्यावर तरंगणारं नाश्त्याचं ताट, नुसा पेनिडाचा तो डायनासोरसारखा कडा. फोटो खरे होते, आणि तीच तर मेख. तो मावसभाऊ खरंच जाऊन आला होता. पहिल्या काही जोडप्यांना हा टूरवाला नीट पाठवतो, त्यांच्या फोटोंवर पुढची गिऱ्हाइकं येतात आणि पुढच्यांच्या पैशांतून आधीच्यांची तिकिटं निघतात. फोटोग्राफर बिचारा मनापासून सांगत होता. नंतर त्याचा स्वतःचा मित्रही आमच्याच रांगेत निघाला.

ऑफिस राजारामपुरीत, एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर. एसी, भिंतीवर जगाचा नकाशा, काचेच्या बाऊलमध्ये चॉकलेटं. "वहिनी, टेन्शन घ्यायचं नाही. तुम्ही फक्त बॅगा भरा." सहा रात्री, सात दिवस, दोघांचे १ लाख ४८ हजार. बाकीच्यांपेक्षा वीसेक हजारांनी कमी. फार स्वस्त असतं तर शंका आली असती. हा आकडा बरोबर तेवढाच खाली होता, की माणसाला आपण हुशारीने सौदा केला असं वाटावं.

२५ हजार ऑफिसच्या क्यूआर कोडवर दिले. पुढचे ७५ हजार द्यायच्या वेळी त्याच्या करंट अकाउंटची लिमिट संपली, म्हणून दुसऱ्याच एका बाईच्या सेव्हिंग खात्यावर. "घरचंच खातं आहे." ४८ हजार रोख, कारण हॉटेलवाल्याला म्हणे डॉलर द्यायचे होते. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर 'रिसीव्ह्ड विथ थँक्स' आणि हात जोडलेला इमोजी आला.

परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला त्यावर टीसीएस, म्हणजे विकतानाच घ्यायचा इन्कमटॅक्स, गोळा करावा लागतो. तेव्हा सात लाखांपर्यंत तो ५ टक्के होता. तो आपल्या पॅनवर जमा होतो, इन्कमटॅक्सच्या साइटवर आपल्या नावापुढे दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. ह्याने आमचा पॅन मागितलाच नाही. नवऱ्याने विचारलं, तर "टॅक्सचं आपण ॲडजस्ट करतो" म्हणाला. आम्हाला आनंदच झाला. खोटं कशाला बोलू.

व्हिसाचे त्याने माणशी ९ हजार घेतले. इंडोनेशियाचा व्हिसा आपल्याला बालीच्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो, किंवा आधी त्यांच्या सरकारी साइटवर स्वतःच काढता येतो. फी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून छाती दडपते, पण आपले तीन हजारही होत नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना बालीचा वेगळा कर आहे, तो दीड लाख रुपिया, म्हणजे साधारण आठशे रुपये. हे सगळं मला नंतर कळलं. शोधायला दहा मिनिटं लागली असती.

आता नावाची गोष्ट. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. जांभळ्या झाकणाची बाटली हातात आली की आधी त्यावरचं नाव फॉर्मवरच्या नावाशी जुळवायचं, मग बाकीचं, हे दिवसातून शंभर वेळा. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला तिकिटाची पीडीएफ आली तेव्हा मी पहिल्यांदा नावंच वाचली. माझं नाव सासरच्या आडनावाने होतं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. (लग्न झालं म्हणून पासपोर्ट बदलावाच लागतो असं नाही, तिकीट मात्र पासपोर्टवरच्याच नावाने हवं.) मी लगेच फोन केला. तो घाबरल्यासारखा झाला. "बरं झालं वहिनी तुम्ही बघितलं, एअरपोर्टवरून परत यावं लागलं असतं!" रीइश्यूचे १४ हजार ५०० घेतले, नवीन पीएनआर पाठवला. मी विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला. दोघांची नावं आली, स्पेलिंगसकट बरोबर.

चूक मी पकडली होती, म्हणून उरलेलं सगळं मला खरं वाटायला लागलं. चूक मुद्दाम केली होती का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्या एका पकडीचे १४ हजार ५०० मी हसत हसत दिले आणि पुढचे तीन आठवडे त्या पीएनआरकडे ढुंकूनही बघितलं नाही.

तसं बघायला एक माणूस घरातच होता. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लाइटबिल असो नाहीतर किराणाची चिठ्ठी, पेन घेऊन वाचणार. त्यांनी दोनदा विचारलं, "तिकीट बघू." नवरा म्हणाला, "मोबाईलमध्ये हाय पप्पा." मामा म्हणाले, "मोबाईलात काय बघायचं? कागद दाव की." कागद होता. पण त्या कागदावर तिकिटाच्या खाली सगळा कार्यक्रम छापलेला होता. हनिमून स्पेशल, कॅन्डल लाइट डिनर, फ्लॉवर बेड डेकोरेशन, कपल स्पा. तो कागद सासऱ्यांच्या हातात कोण देणार? घरात शब्दसुद्धा 'फिरायला जाणार' एवढाच होता. नवऱ्याने कागद ऑफिसच्या बॅगेत ठेवला आणि तिथून मी तो माझ्या कपाटात साड्यांच्या खाली. लग्नाचा हॉल, आचारी, बँडवाला, सगळ्यांची बिलं चार-चार जणांनी तपासली. ज्यात सगळ्यांत जास्त पैसे एका माणसाच्या हातात दिले, ते एकाही मोठ्या माणसाने बघितलं नाही, कारण आम्हाला लाज वाटत होती. टूरवाल्याला हे पक्कं माहीत असणार. "घरच्यांना सरप्राइज ठेवा" असं तो दोनदा म्हणाला होता.

आत्ती तेवढ्या नाराज होत्या. ३० मार्चला पाडवा. "लग्नानंतरचा पहिला पाडवा, आणि सूनबाई घरात न्हाई?" पण ऑफर त्याच तारखांची होती. शिरोलीच्या फाउंड्रीत मार्चएंडला रजा मागितल्यावर नवऱ्याने साहेबांचं काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

तर महालक्ष्मी. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, सिंगापूरमार्गे. वेब चेक-इन करून बोर्डिंग पास संध्याकाळी पाठवतो, असं टूरवाला सकाळी बोलला होता. हातकणंगले गेलं तरी काही आलं नाही, फोन लागेना. मिरजेला गाडी थांबल्यावर रेंज आली, म्हणून मी म्हटलं आपणच करू. पीएनआर टाकला. 'बुकिंग सापडले नाही.' परत टाकला. ओ आणि शून्यात घोटाळा झाला असेल म्हणून तोही बदलून बघितला. समोरच्या बर्थवरचे आजोबा शेंगा सोलत होते, त्यांनी आमच्यापुढे मूठभर केल्या. नवरा कस्टमर केअरशी बोलत होता आणि मी त्या शेंगा हातात धरून बसले होते. बाई शांतपणे सांगत होती. बुकिंग झालं होतं, पैसे भरले गेले नाहीत, दोन दिवसांनी आपोआप रद्द झालं. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात.

हे असं करता येतं, हे मला माहीत नव्हतं. एजंट पैसे न भरता जागा 'होल्ड' करू शकतो. होल्ड केली की पीएनआर तयार होतो, तो साइटवर टाकला की आपली नावं दिसतात, आणि आपण खूश. पैसे भरल्यावर मात्र आणखी एक आकडा तयार होतो, ई-तिकीट नंबर, तेरा आकडी, त्यातले पहिले तीन त्या विमान कंपनीचे. स्वस्त कंपन्यांच्या तिकिटावर तो बऱ्याचदा नसतो, तिथे पैसे भरल्याचं आणि बुकिंग कन्फर्म असल्याचं बघायचं. आमच्या पीडीएफवर त्या जागी टूरवाल्याच्या ऑफिसचा स्वतःचा बिल नंबर होता. मी नाव जुळवलं, नंबर जुळवला नाही. लॅबमध्ये असं केलं असतं तर घरी बसवलं असतं.

सांगली स्टँडवरून मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. ऑनलाइन पैसे गेल्यावर काही तासांत कळवलं तर समोरच्या खात्यातच ते गोठवता येतात. आमचा शेवटचा व्यवहार तीन आठवड्यांपूर्वीचा. तक्रार घेतली, नंबर दिला. मामांना नवऱ्याने फोन केला. ते रागावले नाहीत. "पोरगी ठीक हाय न्हवं?" एवढं विचारलं आणि कोल्हापूरची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते सांगितलं.

उबुडच्या हॉटेलला मी त्याच रात्री ईमेल केली. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, फार सभ्य. बुकिंग 'हॉटेलवर पैसे द्या' प्रकारचं होतं, व्हाउचरची पीडीएफ निघाल्यावर तीन दिवसांत रद्द केलेलं. आणि खाली एक ओळ होती. आपण पुन्हा बुक करणार असाल तर कृपया लक्षात घ्या, २९ मार्चला न्येपी आहे.

न्येपी म्हणजे बालीच्या हिंदूंचं नववर्ष. त्या दिवशी सगळं बेट मौन पाळतं. रस्त्यावर कुणी नाही, दिवे नाहीत, पर्यटकांनाही हॉटेलच्या बाहेर पडता येत नाही, विमानतळसुद्धा २४ तास बंद. आमच्या कार्यक्रमात २९ मार्चला काय होतं? सकाळी सात वाजता सानूरहून नुसा पेनिडाची बोट, संध्याकाळी उलुवाटूला केचक नृत्य. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याने बालीचं कॅलेंडरही उघडलं नव्हतं. एकदा जरी कुणी 'बाली २९ मार्च' असं शोधलं असतं, तर लबाडी तिथंच उघडी पडली असती. त्यांचा शकही आपलाच, शके १९४७ सुरू झालं. मामा पंचांग मांडीवर घेऊन म्हणाले, "म्हंजे त्यांचा पाडवा आपल्या आदल्या दिवशी. बघा, त्यांनी दार लावून घेतलं आणि आपण उघडं टाकलं."

पाडव्याला गुढी मी उभारली. आत्ती त्या दिवशी उगाचच जास्त आनंदात होत्या, हे मी बघितलं.

पुढचं थोडक्यात. तीन दिवसांनी टूरवाल्याचा फोन लागला. विमान कंपनीने पैसे अडकवलेत, म्हणाला. ऑफिसात आणखी चार जोडपी भेटली, एका बहाद्दराने व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि नाव ठेवलं 'बाली रिटर्न'. पाच जणं एकत्र गेल्यावर पोलिसांत अर्जाला वजन आलं. एकट्याने गेलात तर 'हा तुमचा आपापसातला व्यवहार' असं ऐकायची तयारी ठेवा. ज्याला आपण चारशेवीस म्हणतो ते आता न्याय संहितेत ३१८(४) आहे. अर्ज गेल्यावर आम्हाला ४० हजार मिळाले आणि ६० हजारांचा चेक. चेक परत आला. बँकेचा रिटर्न मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते. टूरवाला "पुढच्या सोमवारी टाका, नक्की" असं गोड बोलून दिवस घालवत होता. वकिलांनी आमचं न ऐकता विसाव्या दिवशी नोटीस काढली, म्हणून ते वाचलं. ४८ हजार रोख दिल्याचा पुरावा फक्त तो हात जोडलेला इमोजी. त्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवलेत.

ग्राहक आयोगातली तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. ऑनलाइनही होते. मामांनी ते काम अंगावर घेतलं. जूनमधल्या एका रविवारी ते सोप्यात चष्मा लावून बसले, लाल पेन घेऊन. कबूल केलेल्या आणि न दिलेल्या सेवांची यादी करायची होती, त्यामुळे साड्यांखालचा कागद शेवटी बाहेर आला. नवरा पाणी प्यायला म्हणून आत गेला तो आलाच नाही. नणंद, शेजारच्या काकू, दूधवाला, सगळ्यांसमोर मामा मोठ्याने वाचत होते, एकेका ओळीपुढे फुली मारत.

"कॅन्डल लाइट डिनर, एक. न्हाई दिलं. कपल स्पा, एक. न्हाई दिलं." मग पेन थांबलं. "सूनबाई, हे फ्लॉवर बेड डेकोरेशन अठ्ठावीसला पण हाय आणि एकतीसला पण. एकच धरायचं का दोन?"

आतून आत्तींचा आवाज आला, "दोन धरा की. पैसं दोन्हीचं घेतल्यात त्यानं."