गुहागरचा आंबा मुंबईला: चिपळूणचा हायवे, रेल्वे की धोपाव्याची फेरीबोट?

दलालाची गाडी सोडून स्वतःच माल पाठवायचा ठरवलेले बरेच जण यंदा विचारतायत की पेट्या कशाने न्यायच्या. तिन्ही करून झालंय माझं. पण मी काय ट्रान्सपोर्टवाला नाही, सीझनला दीड-दोनशे पेट्यांचा माणूस, तेवढं धरून वाचा.

रेल्वेचं आधी उरकतो. ऐकायला सगळ्यात भारी, घाट नाही, खड्डे नाहीत. पण चिपळूण स्टेशन गुहागरहून ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे टेम्पो लागतोच, मग उतरवा, वजन करा, बुकिंग करा, प्लॅटफॉर्मवर रचा, गाडी थांबणार जेमतेम दोन-चार मिनिटं आणि त्यात पेट्या ज्या घाईने आत जातात ते बघवत नाही, परत पनवेलला उतरवा, परत टेम्पो. एकदा मोजलं, एक पेटी सात जणांच्या हातांतून गेली. सिमेंट असतं तर चाललं असतं, हापूस आहे हो! कोणी म्हणेल रो-रो आहे ना. आहे, १९९९ पासून ट्रकच्या ट्रक वॅगनवर चढवतात, झकास सोय, पण ती कोलाडहून खाली गोवा-कर्नाटकात जाणाऱ्यांची. आपल्या गावांवरून ती नुसती धडधडत जाते. तसं जयगडलाही मोठी जहाजं लागतात, पण तो कोळशाचा कारभार, आपल्या पेटीला तिथे कोण विचारतो.

आता हायवे, म्हणजे मुंबई-गोवा. सगळे त्यानेच जातात, मीही जायचो. २०२२ ला चिपळूणच्या पुढच्या परशुराम घाटाच्या कामासाठी एप्रिल-मेमध्ये दुपारी १२ ते ५ घाट बंद ठेवायचे, म्हणजे ऐन आंब्यात. माहीत होतं म्हणून सकाळी लवकर निघालो, पण शृंगारतळीला टायर बसला आणि घाटाखाली पोचेपर्यंत बारा वाजून दहा मिनिटं. कळंबस्ते-चिरणीच्या पर्यायी रस्त्यावरून फक्त हलक्या गाड्या सोडत होते, आमची भाड्याची सहाचाकी, शेजाऱ्यांचा मालही त्यातच. राहिलो उभे. गाडी चालू असली की ताडपत्रीखालून वारा खेळतो, उभी राहिली की आतमध्ये भट्टी. तीनच्या सुमाराला ताडपत्री उचलून पेंढ्यात हात घातला तर आढीत घालावा तसा गरम, आणि वास सुटलेला. घरी हाच वास आला की पोरं उड्या मारतात, मला तिथे घाम फुटला. ठाण्यात संध्याकाळी वाटायच्या पेट्या दुसऱ्या दिवशी गेल्या, खालचा थर मऊ. चूक कुणाची म्हणाल तर टायरची, वेळ तर आधीच जाहीर केलेली होती.

तेव्हापासून धोपावे. वाशिष्ठीच्या मुखावर पलीकडे दाभोळ, २००३ पासून फेरीबोट आहे, गाडी जशीच्या तशी चढते, पेटीला कोणी बोट लावत नाही. दहा-पंधरा मिनिटं खाडीचा वारा ताडपत्रीखालून जातो, ड्रायव्हर चहा पितो. पुढे दापोली-मंडणगड, आंबेतला सावित्री ओलांडायची आणि मग हायवे. चिपळूण, खेड, कशेडी घाट सगळं बाजूला राहतं. रस्ता अरुंद आहे, वळणं भरपूर, स्पीड मिळत नाही, हे खरं. माणगावची रांग दोन्हीकडून चुकत नाही, तिथे सगळे सारखेच.

बोटीचंही कौतुक फार नको. रात्री उशिरा निघणार असाल तर ती नाहीच, मग हायवेच धरा. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांत नंबर लागेपर्यंत बसावं लागतं. पूर्ण ओहोटीला उतार जास्त होतो, लांब गाडीची शेपटी घासते, म्हणून मोठा ट्रक असेल तर आधी फोन करून विचारा. मी पिकअप भरून दुपारची बोट धरतो, पहाटेच्या वाशीच्या बाजाराला आरामात पोचतो.

आता परशुराम घाट रुंद झालाय, कशेडीला बोगदा झाला, तेव्हा हायवेवाले म्हणतील की हा जुना राग आहे. असेलही थोडा. ज्यांचा माल रात्रीच भरून होतो किंवा मोठी गाडी आहे त्यांनी बिनधास्त तिकडून जावं. मी मात्र गेल्या मे महिन्यात सुद्धा धोपाव्यालाच होतो, बोट पलीकडून निघालेली दिसत होती आणि पिकअपच्या मागे फक्त दोन रिक्षा.