जॅझ की प्रिसिजन: पंधरा-वीस हजारांतला बेस घेताना

पंधरा-वीस हजारांत सेकंडहँड बेस गिटार शोधायला लागलं की महिन्याभरात समोर दोनच नावं उरतात, जॅझ आणि प्रिसिजन, दोन्ही मूळ फेंडर कंपनीच्या रचना. हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या टोकावर) नाव कुणाचंही असो, आतली रचना या दोहोंपैकी एक, नाहीतर दोन्हींची सरमिसळ. मी आधी जॅझ घेतला, दोन वर्षं वाजवला, त्यावर पैसे घातले, मग विकला. आता चार वर्षं प्रिसिजन वाजवतोय. माझे दोन्ही बेस कुणी बनवले होते ते सांगत नाही, कारण मला जे खटकलं तो दोष बनवणाऱ्याचा नव्हता. त्या रचनेतच तो आहे.

मी कुठे वाजवतो ते आधी सांगायला हवं, कारण निर्णय त्यावरच फिरतो. पुण्यात आणि आसपास जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम असतात, त्यांना साथ करतो. कधी नाट्यगृह, कधी मंगल कार्यालय, गणपती-नवरात्रात मंडप. तुम्ही घरी हेडफोन लावून वाजवणार असाल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही, आणि मग मी कदाचित जॅझच घ्या म्हणेन.

जॅझ हातात घेतल्यावर सोडवत नाही. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, नटपाशी (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात तिथे) ३८ मिलिमीटरच्या आसपास रुंद, प्रिसिजनचा ४१ च्या वर. तीन मिलिमीटर म्हणजे काय असं वाटेल, पण पहिल्या चार फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्ट्या) तासभर वाजवून बघा, करंगळीला फरक कळतो. मांडीवर घेऊन बसलं की बॉडी नीट बसते. आणि दोन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग. पुढचा, नेकच्या बाजूचा, थोडा कमी केला, ब्रिजचा (तारा बॉडीवर जिथे अडकतात तिथला) उघडा ठेवला की आवाजाला अशी धार येते की ढोलकीच्या ठेक्यातही प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. उलट ब्रिजचा कमी केला की गोल, भरलेला खर्ज. भावगीताला हा, कोळीगीताला तो, असं मी वर्षभर करत होतो आणि खूष होतो.

पण नॉब हलवला की आवाजासोबत आणखी काहीतरी येत होतं.

नवरात्रातला एक कार्यक्रम. गायिकेने मुखड्याआधी नुसता आलाप धरला. तबला थांबलेला, कीबोर्डवाल्याने हात उचललेले. त्या शांततेत माझ्या चॅनलमधून घूंऽऽ. भावगीत होतं म्हणून मी ब्रिजचा पिकअप निम्म्यावर आणलेला. मी तारांवर तळहात ठेवला, आवाज थोडा उतरला, गेला नाही. गाणं काळी चारचं, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा षड्ज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि बेसच्या सगळ्यात जाड, ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी (G) सूर लागतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे हा घुंकार जवळपास पांढरी पाचचा षड्ज, किंचित चढलेला. गाणं पांढरी पाचचं असेल तर एक वेळ खपून जातो. काळी चारला मात्र तो षड्जाच्या खाली बिलगून बसतो, आणि गायिकेच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. साउंडवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, तुमचा चॅनल बंद करतो, आलाप संपला की खुणवा." त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

कारण समजून घ्या, म्हणजे दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी स्वतःच तपासता येईल. जॅझवरचे दोन्ही पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे तारेची एकच गुंडाळी असलेले. एकाची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा दुसऱ्याच्या उलट असते, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना दोघांनी हवेतून ओढलेली हमिंग, म्हणजे तो घुंकार, एकमेकांना मारते. एक जरा कमी करा, समतोल गेला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण जॅझ घेतो, दोन पिकअपचं मिश्रण, तेच वापरायला गेलं की हमिंग सुरू. दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवून वाजवणारे भरपूर आहेत आणि तो आवाज सुंदरच आहे. मला मात्र तो एकच आवाज घेऊन पूर्ण कार्यक्रम काढायचा नव्हता.

मी लगेच हार मानली नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून तांब्याची चिकटपट्टी आणली, एका रविवारी पिकगार्ड उघडून आतला सगळा खड्डा आणि पिकअपच्या खाचा मढवल्या, पट्ट्यांच्या जोडांवर डाग दिले, अर्थची वायर जोडली. तेव्हाच घासाघीस करणारे स्वस्त पॉट (नॉबखालचे भाग) काढून २५० किलोओहमचे चांगले बसवले. फरक पडला. मंडपातल्या डिमरच्या लाइटमुळे येणारी चर्रर्र जवळपास गेली. पण खालचा घुंकार तसाच राहिला. शिल्डिंग विद्युतक्षेत्र अडवतं. ट्रान्सफॉर्मरमधून येणारं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पातळ तांब्याला जुमानत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे बेस गळ्यात घालून जागच्या जागी फिरायचं. फिरताना आवाज कमी-जास्त झाला तर तो चुंबकीय आहे आणि शिल्डिंगने जाणार नाही. मी काही कार्यक्रम प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून वाजवले, कारण त्याच कोनात तो सगळ्यात कमी येत होता. हे मात्र मनाला फार लागलं.

मग बेसचा सिग्नल साउंड सिस्टिमला देणारा डीआय बॉक्स घेतला, अर्थची जोडणी तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला. त्याने दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा आवाज गेला, पिकअपचा नाही. कुणीतरी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक म्हणेल. हे कधीही करू नका. तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. एक हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी बिघडलेल्या वायरिंगमध्ये जीव जाऊ शकतो.

खरा इलाज एकच, हमिंग न ओढणारे पिकअप. डिमार्झिओ कंपनीचे 'मॉडेल J' नावाचे पिकअप त्यासाठीच आहेत आणि ज्यांनी बसवले ते समाधानी आहेत. पण नव्या जोडीची किंमत काढली तर ती माझ्या पूर्ण बेसच्या जवळ जात होती. त्यात आणखी एक गोष्ट. जॅझचा ब्रिज पिकअप पुढच्यापेक्षा किंचित लांब असतो, पण काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच मापाचे येतात. पट्टी लावून मोजल्याशिवाय मागवू नका.

तिथे मी थांबलो आणि साडेसोळा हजारांना एक सेकंडहँड प्रिसिजन घेतला.

१९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत येतो, ई-ए या जाड तारांसाठी एक, डी-जी या बारीक तारांसाठी दुसरा, एकमेकांच्या उलट जोडलेले. त्यामुळे हमिंग आतच मरते, मग नॉब कुठेही असो. एक व्हॉल्यूम, एक टोन. पहिल्या कार्यक्रमात आलाप आला, मी हात उचलले आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. साउंडवाल्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन वर्षं मला एवढंच हवं होतं.

गमावलं काय तेही सांगतो. पहिले दोन महिने डावा अंगठा दुखला, नेक जाड वाटला. ब्रिज पिकअपची धार गेली, आणि स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवणाऱ्याला जॅझच जवळचा वाटेल. टोन नॉबने जेवढं वळण देता येतं तेवढंच मिळतं, बाकी बोटांनी काढायचं. ब्रिजजवळ वाजवा, नेकजवळ वाजवा. मला वाटतं यात माझा हात सुधारला, पण प्रत्येकाचं असं होईल असं नाही.

प्रिसिजनवर मी पैसे घातले ते फक्त तारांवर. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा लावल्या. महाग वाटतात, पण नेहमीच्या राउंडवाउंड काही महिन्यांत निस्तेज होतात आणि या वर्षानुवर्षं चालतात. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डिंगमधले बेसवादक जेम्स जेमरसन प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वाजवत आणि क्वचितच बदलत. जुन्या गाण्यांच्या साथीत तो गोल, थोडा दबका आवाज इतका बसतो की पिकअप बदलायचा विचार पुन्हा आलाच नाही. स्वस्त बेसवर अपग्रेड करायचा असेल तर माझा क्रम असा: तारा, नीट सेटअप, मग पॉट आणि जॅक (केबल खोचायची जागा), आणि पिकअप अगदी शेवटी.

मधला मार्ग म्हणून पीजे रचना आहे, पुढे प्रिसिजनचा आणि ब्रिजपाशी जॅझचा पिकअप. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझचा जीएसआर २०० याच जातीचे, आणि नवा बेस घ्यायचा म्हटलं की बहुतेकांना हेच सुचवले जातात. वाईट सल्ला नाही. नेक सडपातळ, वजन आवाक्यात. पुढचा पिकअप एकटा वाजवला तर शांत, ब्रिजचा सिंगल कॉइल मिसळला की हमिंग परत, एवढं माहीत असू द्या. जीएसआर २०० मध्ये खर्ज वाढवणाऱ्या लो बूस्टसाठी ९ व्होल्टची बॅटरी लागते. अशा बेसमध्ये केबल खोचून ठेवली की बॅटरी उतरत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची सवय लावावी लागते.

अ‍ॅम्पवर सुरुवातीला फार खर्च करू नका. हॉलमध्ये आवाज साउंडवाल्याच्या सिस्टिममधूनच जातो. फेंडर रंबल ४० सारखा, मागे साउंड सिस्टिमला थेट जोडायचा एक्सएलआर आउट असलेला अ‍ॅम्प असला की वेगळा डीआयही लागत नाही.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा दिवेलागणीनंतर जा. दिवसा, ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद असताना, जॅझसुद्धा गुणी वाटतो. घरातले दिवे लावायला सांगा, व्हॉल्यूम एकेक करून कमी करा, मग गोल फिरा. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळी) फिरतो का ते विचारा आणि त्या रॉडच्या नटाचे कोपरे झिजलेत का ते स्वतः बघा. मुंबई-कोकणातून आलेला बेस असेल तर ब्रिजवर तारा टेकतात त्या सॅडलचे छोटे स्क्रू तपासा. पावसाळ्यात ते गंजून बसतात, आणि मग तारांची उंची कमी-जास्त करता येत नाही.

विकताना अपग्रेडचे पैसे परत येत नाहीत हे आधीच धरून चला. मी जॅझ चौदा हजारांना घेतला, पॉट, पट्टी आणि तारांवर तीनेक हजार घातले आणि तेरा हजारांना दिला. काढलेले जुने भाग एका डब्यात जपून ठेवले होते, ते सोबत दिले, त्यामुळे घेणाऱ्याचा विश्वास बसला. पिकअप बदलले असते तर जुने परत बसवून नवे वेगळे विकले असते. तसंच करावं. प्रिसिजनचा पिकअप ठरलेल्या मापाचा असल्याने तोही सुटा सहज जातो.

जॅझ घ्यायला इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला होता. मी त्याला आधी दोन्ही नॉब उघडून वाजवून दाखवलं, मग ट्यूब लावली आणि ब्रिजचा कमी केला. घूंऽऽ आलं. त्याने विचारलं, "काका, हेडफोनवर पण एवढं येतं का?" खोलीतले लाइट बंद केले, त्याच्या कॉम्प्युटरच्या छोट्या ऑडिओ इंटरफेसला जोडून दिला. त्याने कॉम्प्युटरपासून दोन हात लांब सरकून, नेक थोडा वळवून वाजवलं आणि मान हलवली. त्याला स्लॅप शिकायचा होता. तो बेस त्याच्यासाठी बरोबर होता.