बॅटरीवरचा चौदा इंची टीव्ही: कपाशी लागवडीपासून आखाजीपर्यंतचा वापर

चौदा इंची एलईडी पडदा, आत लिथियम बॅटरी, मागे उघडणारी टेकणदांडी, बाजूला १२ व्होल्टची पिन, एचडीएमआय, एव्ही आणि यूएसबी. ऑनलाइन ‘पोर्टेबल डिजिटल टीव्ही’ म्हणून जे संच मिळतात त्यांतलाच हा एक. वापर वावरातल्या पत्र्याच्या खोलीत: लागवडीच्या दिवसांत, रब्बीत रात्रीच्या पाळीला पाणी भरताना, हिवाळ्यात भरीत पार्ट्यांना आणि आता आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) उन्हात. पडदा म्हणून घ्यायला हरकत नाही. नुसती अँटेनाची दांडी वर करून चॅनल दिसतील या आशेनं घेतला तर पैसे पाण्यात.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला ट्यूनर (अँटेनातून हवेतले चॅनल पकडणारा भाग) आपल्याकडे काहीच कामाचा नाही. दूरदर्शनची जुनी अॅनालॉग प्रक्षेपकं टप्प्याटप्प्यानं बंद होत गेली आणि २०२२ पर्यंत मोजकी सोडून सगळी थांबली. नवं डीव्हीबी-टी२, म्हणजे अँटेनावर पकडायचं डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये देशातल्या सोळा शहरांत सुरू झालं. त्यात महाराष्ट्रातली दोनच, मुंबई आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर). नकाशावर चाळीसगावकराला औरंगाबाद जवळ वाटतं, पण मध्ये सातमाळा-अजिंठ्याची रांग आडवी पडलेली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारात ऑटो स्कॅन लावला की शेवटी शून्य येतो. संच बिघडलेला नसतो, हवेत पकडण्यासारखं काही नसतं. त्यात ऑनलाइन विकले जाणारे बरेच संच अमेरिकेच्या एटीएससी पद्धतीचे असतात, ते तर मुंबईतही गप्प बसतील. परीक्षणं वाचून ‘ट्यूनर चांगला आहे’ म्हणून दोन हजार जास्त मोजू नका.

म्हणजे चित्र आणायचं तर फ्री डिश. दूरदर्शनची ही उपग्रहावरून येणारी सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले क्रिकेट सामने २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनला द्यावे लागतात, तेही दिसतात. भरीत पार्टीला एवढं पुरतं. डिश, एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि सेट-टॉप बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं.

बॉक्स घेताना एकच गोष्ट नीट बघा: त्याला २३० व्होल्टची वायर थेट आत गेलेली आहे, की बाहेर वेगळा अॅडॉप्टर आहे? अॅडॉप्टरवर ‘आउटपुट १२ व्होल्ट’ लिहिलेलं पाहिजे. तोच बॉक्स बॅटरीवर चालतो. आत पॉवर सप्लाय असलेला बॉक्स घेतला की इन्व्हर्टर लागतो, आणि छोटा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच पाच-दहा वॅट खातो. दुसरं, बॉक्स एमपीईजी-४ या नव्या चित्रपद्धतीचा असावा. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या उमटत नाहीत. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं दिल्या जातात, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला यादी बदलते. त्या वेळी पुन्हा स्कॅन करायचा, नाहीतर चॅनल गेला म्हणून लोक डिश हलवत बसतात आणि लागलेली दिशाही घालवतात.

डिश लावायला माणूस बोलवायची गरज नाही. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. जळगावहून तो उत्तरेपासून उजवीकडे मोजत सुमारे १३८ अंशांवर आणि जमिनीपासून ५८ अंश उंच येतो. नंदुरबारला दोन्ही आकडे एक-दीड अंशानं कमी. सोप्या भाषेत जवळपास बरोबर आग्नेय. मोबाइलचं होकायंत्र चालतं, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे फारसा फरक नाही. फक्त मोबाइल लोखंडी पाइपाजवळ धरू नका, दोन पावलं मागे उभं राहून दिशा घ्या. पाइप ओळंब्यात सरळ असला पाहिजे. तो तिरका असेल तर डिशच्या मागचे अंशांचे आकडे खोटे पडतात. ऑफसेट डिशचा (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेल्या नेहमीच्या डिशचा) चेहरा ५८ अंश वर बघताना दिसत नाही, ती बरीच उभी वाटते. त्यामुळे डोळ्याच्या अंदाजानं ती आणखी मागे झुकवू नका. एलएनबी डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघताना घड्याळाच्या उलट बाजूला ३५ ते ४० अंश फिरवायचा. बॉक्सच्या सिग्नल पानावर ११०९० फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट २९५०० ठेवा आणि ‘क्वालिटी’ची पट्टी बघत डिश अगदी हळू सरकवा. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी वायर जोडली की चढते, तिच्यावर जाऊ नका. शेजारच्या छतावरची डिश बघून नक्कल करायची तर ती फ्री डिशचीच हवी, बाकी कंपन्यांचे उपग्रह बहुतेक दुसरीकडे असतात.

५८ अंश उंची सातपुड्यात फार उपयोगाची आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या दरीत मोबाइलला रेंज नसते, पण एवढ्या उंचावरचा उपग्रह समोरच्या डोंगरामागे सहसा लपत नाही. आडवं येतं ते झाड. हिवाळ्यात निष्पर्ण झाडाखाली लावलेली डिश पावसाळ्यात पालवीमुळे आंधळी होते.

आता वीज, म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं खरं मर्म. संचाच्या आतली बॅटरी ७.४ व्होल्ट, २२०० एमएएच, म्हणजे सुमारे १६ वॅट-तास. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला तर टीव्ही साधारण १२ वॅट घेतो, निम्म्यावर आणला तर ८ वॅट. म्हणजे सव्वा ते दोन तास, तेही बॅटरी नवी असताना. जाहिरातीतले पाच तास कोणत्या उजेडात मोजतात ते त्यांनाच ठाऊक. आणि ही बॅटरी फक्त पडदा चालवते. बॉक्सला १२ व्होल्ट लागतात, टीव्हीच्या यूएसबीतून पाचच मिळतात. बॉक्स आणि एलएनबी मिळून सात-आठ वॅट. म्हणजे दोन्हीला बाहेरची १२ व्होल्टची बॅटरी आलीच, एकूण भार २० वॅट धरा, सुमारे १.७ अँपिअर.

ती बॅटरी बहुतेक घरांत आधीच असते: कपाशीच्या फवारणी पंपातली. १२ व्होल्ट, ८ किंवा १२ एएच (अँपिअर-तास), सीलबंद लेड-अॅसिड. ही बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असा नियम धरला तर ८ एएचवर सव्वादोन-अडीच तास, १२ एएचवर साडेतीन तास टीव्ही आणि बॉक्स दोन्ही चालतात. पंप खोलीत आणू नका. बॅटरी बाहेर काढा, औषधाचे ओघळ ओल्या फडक्यानं पुसा, हात धुवा आणि मगच जोडा. यात एक फायदा असा की फवारणी संपली की पंप कोपऱ्यात पडतो, बॅटरी रिकामी राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या खरिपात ती पाच टाक्यांतच दम तोडते. टीव्हीच्या निमित्तानं हिवाळाभर भरली-उतरवली जाणारी बॅटरी जास्त टिकते.

किती उरली हे बघायला साधा मल्टिमीटर पुरे. भार काढून थोड्या वेळानं मोजायचं: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आता बंद करा, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. भरलेली असूनही टीव्ही लावताच ११ वर घसरली तर ती बॅटरी गेली, मोजणी करत बसू नका.

नवीनच घ्यायची असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १२ एएच घ्या. महाग आहे, पण ऐंशी टक्के वापरता येते, म्हणजे सहा तास निघतात आणि वजन निम्म्याहून कमी. ऊसतोडीला जाणाऱ्यांना कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) न्यायला हीच बरी. मोबाइलची पॉवर बँक या कामाला जमत नाही. बऱ्याच पॉवर बँका १२ व्होल्टवर १८ वॅटच देतात आणि काही तर ९ व्होल्टच्या पुढे जातच नाहीत.

दोन ठिकाणी संच जळू शकतो. पहिलं, बॅटरी चार्जरला लावलेली असताना त्याच बॅटरीवर टीव्ही चालवणं. चार्ज होताना लेड-अॅसिडवर १४.४ व्होल्टपर्यंत चढतात, आणि संचाच्या मागे स्पष्ट ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं असतं. दुसरं, सोलर पॅनलची वायर थेट टीव्हीला लावणं. ‘१२ व्होल्ट’ पॅनल उन्हात मोकळं असताना २१ व्होल्टच्या आसपास देतं. पॅनल, मग चार्ज कंट्रोलर, मग बॅटरी, आणि टीव्हीआधी १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा बक-बूस्ट मॉड्यूल, हा क्रम मोडू नका. चार तास रोज बघायला ४० वॅटचं पॅनल हिवाळ्या-उन्हाळ्यात पुरतं. श्रावणात सलग ढग असले की तेच पॅनल चौथाई देतं, तेव्हा पंपाचा चार्जर घरी लावून बॅटरी भरून आणायची. बॅटरीच्या लाल वायरला, टोकापासून वीतभर अंतरात, ३ अँपिअरचा फ्यूज टाकाच. पत्र्याच्या खोलीत उंदीर वायर कुरतडतात आणि शॉर्ट झालेली बॅटरी फ्यूजशिवाय थेट आग लावते.

वायरच्या जाडीकडे कुणी बघत नाही आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. लक्षण असं: टीव्ही सुरू राहतो, बॉक्स मात्र दर दोन मिनिटांनी बंद होऊन पुन्हा चालू होतो. पाच मीटर बारीक वायर, ०.२ चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन दहा मीटर होते आणि १.७ अँपिअरला दीड व्होल्ट गिळते. बॅटरीवर १२.२ असताना बॉक्सपाशी १०.७ पोचतात आणि तो दम टाकतो. तेवढ्याच अंतराला ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर ०.४ व्होल्टच जातात. पिनेचंही तसंच. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर बहुतेकांचा, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. मोठ्या भोकाची पिन छोट्या दांडीवर बसते, पण हलते आणि जरा धक्का लागला की टीव्ही बंद. मधली दांडी प्लस आहे ना, हे संचावरच्या चित्रात बघून मगच वायर सोल्डर करा. आणखी एक खोड: आतली बॅटरी रिकामी असेल तर बाहेरची जोडताच संच आधी तीच भरायला घेतो आणि पहिला तास-दीड तास भार २५ वॅटच्या वर जातो. म्हणून वावरात नेण्याआधी घरूनच आतली भरून न्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पारा ४४ वर असताना पत्र्याखालची खोली त्याहून तापते, आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करणं तिच्या आयुष्यावर उठतं. मागचं झाकण किंचित फुगलं, पडद्याच्या कडेला फट दिसली, तर ती बॅटरी फुगतेय. ताबडतोब काढून संच फक्त बाहेरच्या १२ व्होल्टवर चालवा, बहुतेक संच चालतात. चार्जिंग पहाटे किंवा रात्री. संच ट्रॅक्टरच्या बोनेटवर, केबिनमध्ये दुपारी ठेवू नका, पडद्यावर काळे डाग धरतात. सावलीत आल्यावर ते जातात, पण दर वेळी पूर्ण जातीलच असं नाही.

चित्र ठीक आहे. ‘१०८० सपोर्टेड’ म्हणजे पडदा तेवढा नव्हे, आत १३६६ बाय ७६८ चाच असतो, चौदा इंचाला पुरतो. पडदा टीएन प्रकारचा आहे, म्हणून खालून बघितलं की चेहरे काळे पडतात. बाजेवर झोपून बघायचं तर संच खिळ्याला उंच टांगू नका, डोळ्यांच्या पातळीला ठेवा. बॉक्सला एचडीएमआय असेल तर तेच वापरा. एव्हीची ३.५ मिलिमीटरची चार कड्यांची वायर प्रत्येक कंपनीची वेगळी जोडलेली असते. चित्र फाटकं आलं, आवाजात घरघर आली तर वायर फेकू नका, पिवळी पिन लालच्या जागी लावून बघा. चित्र काळंपांढरं होऊन वर सरकत असेल तर बॉक्समध्ये एनटीएससी (अमेरिकेची चित्रपद्धत) बसलंय, आपली ‘पाल’ पद्धत निवडा.

आवाज हा या संचाचा सगळ्यात लंगडा भाग. दोन वॅटचे स्पीकर, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की काही ऐकू येत नाही. हेडफोनच्या भोकातून यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर लावले की काम भागतं, भार दोन-तीन वॅटनंच वाढतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही असं झालं तर त्या फाइलीतला आवाज बहुधा एसी३ या पद्धतीत आहे, संचाचा दोष समजू नका. मोबाइल केबलनं जोडून बघायची हौस असेल तर आधी मोबाइलला यूएसबी-सीमधून चित्र बाहेर काढता येतं का ते तपासा. स्वस्त मोबाइलना येत नाही.

पावसात डिशचं चित्र जाणार, त्याला इलाज थोडाच. आग्नेयेला दाट ढग आले की पाऊस आपल्यावर यायच्या आधीच चौकटी फुटायला लागतात, जोर ओसरला की परत येतं. ६० सेंटिमीटरऐवजी ७५ ची डिश घेतली तर मध्यम पावसात टिकते, मुसळधार पावसात दोन्ही सारख्याच. एफ कनेक्टर (डिशच्या वायरीच्या टोकाचा स्क्रूचा जोड) कसताना जाळीची एक तार जरी मधल्या तारेला लागली तरी एलएनबी शॉर्ट दाखवून बॉक्स बंद होतो. मधली तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवा, आणि एलएनबीखाली वायरीला एक झोल द्या, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता खाली टपकेल. संध्याकाळी उजेडाला किडे येतात. स्पीकरच्या जाळीला आतून पातळ कापड चिकटवलं की आत मुंग्या-किडे जात नाहीत. रिमोटमध्ये सीआर २०२५ चा सेल बसतो, गावच्या दुकानात तो हमखास मिळतोच असं नाही. दोन जास्तीचे संचाच्या पिशवीत टाकून ठेवा, कारण इनपुट बदलायचं बटण काही संचांवर नसतंच, फक्त रिमोटवर असतं.