पार्क मैदानामागचं पहाटेचं हॉटेल: सुशीला, उडीद वडा आणि सप्टेंबरातलं बेसबॉल

सोलापुरात बेसबॉल बघणारी माणसं आहेत आणि अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा सीझन संपत आला की ती पहाटे पार्क मैदानाच्या मागच्या एका छोट्या हॉटेलात जमतात, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. पाटीवरची अक्षरं कधीच उडालीत, सगळे अण्णांचं हॉटेल म्हणूनच ओळखतात.

आधी खाण्याचं सांगतो. इथला सुशीला खाच. बऱ्याच ठिकाणी चुरमुरे पाण्यात टाकून विसरतात आणि ताटलीत लगदा येतो, अण्णा चुरमुरे बुडवले की लगेच पिळून बाजूला काढतात, मग कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद अशी चरचरीत फोडणी, वरून डाळ्याचं पीठ आणि शेंगदाण्याचं कूट, आणि कढई खाली उतरवल्यावरच लिंबू. दाणा न दाणा सुटा राहतो. उडीद वड्याचा पहिला घाणा साडेसहाच्या आसपास निघतो, सोबत तेल सुटलेली शेंगाचटणी, ती मात्र मागून घ्यावी लागते. चहा चांगला आहे, जरा गोड, पहाटे चालतो. इडली ठीकठाक.

आता मॅचचं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या संध्याकाळच्या मॅच आपल्याकडं पहाटे चार-साडेचारला चालू होतात आणि सिॲटल, लॉस एंजेलिसवाल्यांच्या सात-साडेसातला, म्हणजे अण्णा पाचला शटर वर करतात तेव्हा पूर्वेकडची मॅच चालू झालेली असते आणि पश्चिमेकडची नाष्ट्याबरोबर. आमच्यातला एकजण लॅपटॉप घेऊन येतो, वायर हॉटेलच्या टीव्हीला जोडतो. अण्णांनी याला कधी ना म्हटलं नाही, उलट आता त्यांनाच कळतं की बेस भरलेत, म्हणजे तिन्ही बेसवर रनर आहेत, आणि आऊट एकच आहे म्हटल्यावर गॅस बारीक करून बाहेर यायचं.

पण खरी मजा वादाची आहे. १६२ मॅचचा सीझन, ३० टीम, त्यातल्या १२ प्लेऑफला. लीग दोन, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन म्हणजे गट, त्यांचे तीन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतल्या सगळ्यात चांगल्या तीन टीम. शेवटच्या दोन आठवड्यांत सात-आठ टीम एका-दोन जागांसाठी मारामारी करत असतात, मग इथं टेबलावर हात आपटणं चालू. शाळेत सॉफ्टबॉलची टीम घडवलेले एक रिटायर्ड पी.टी. सर आहेत, ते फक्त एवढंच विचारतात की पुढच्या तीन मॅचला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कोण. युनिव्हर्सिटीला पिचिंग केलेल्या एक ताई आहेत, त्या बॉल सुटायच्या आधी सांगतात की आता स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा बॉल, येणार, आणि येतो. आणि चादर कारखान्यात हिशोब बघितलेले मामा आहेत, अण्णांच्या दराच्या फळ्यावर वड्याच्या खाली खडूनं मॅजिक नंबर, म्हणजे पहिल्या टीमची जागा पक्की व्हायला अजून किती बाकी, तो लिहिणं हे त्यांचं काम. हिशोब सोपा आहे, १६३ मधून पहिल्या टीमचे विजय आणि दुसऱ्या टीमचे पराभव वजा करायचे. पहिलीचे ८५ विजय, दुसरीचे ७० पराभव, तर नंबर ८. इकडं विजय किंवा तिकडं पराभव झाला की एकानं कमी होतो. नवीन माणूस आला तर मामा त्याला हे दोनदा समजावून सांगतात, कंटाळत नाहीत.

२०२५ चा सप्टेंबर तर विचारूच नका. जुलैच्या सुरुवातीला क्लीव्हलँड त्यांच्याच डिव्हिजनमधल्या डेट्रॉइटच्या साडेपंधरा मॅच मागं होतं. साडेपंधरा! तिथून त्यांनी सप्टेंबरात वीस मॅच जिंकल्या आणि डेट्रॉइट घसरतच गेलं. क्लीव्हलँडला काही वर्षं नोकरी केलेला एक पोरगा रोज म्हणायचा की फॉर्म बघा फॉर्म, आणि सर म्हणायचे फॉर्म दोन आठवड्यांचा असतो, अख्ख्या सीझनमध्ये किती रन केले आणि किती दिले ते बघ, तुझ्या टीमनं केले त्यापेक्षा जास्त दिलेत. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर वाद मिटत नव्हता. २४ सप्टेंबरच्या पहाटे डेट्रॉइटचा पिचर स्कुबाल बॉल टाकत होता, डेट्रॉइटकडं दोन रनची आघाडी, सहाव्या इनिंगला क्लीव्हलँडनं बंट करायला, म्हणजे बॅट न फिरवता बॉल हळूच पुढं ढकलायला, सुरुवात केली आणि स्कुबालनं बॉल उचलून पायांच्या मधून मागं फेकला, तो गेला फर्स्ट बेसच्या पलीकडं. सरांनी चहाचा ग्लास ठेवला आणि ओरडले, "खेळूलालेत का झोपूलालेत बे!" क्लीव्हलँड ५-२ नं जिंकलं आणि दोघं बरोबरीत आले. मामांनी फळा पुसून सगळं पहिल्यापासून मांडलं.

माझं मत सरांच्या बाजूचं आहे पण पूर्ण नाही. शेवटच्या दहा मॅचच्या रकान्यात ८-२, म्हणजे आठ विजय आणि दोन पराभव, दिसलं की लोक लगेच टीम प्लेऑफला पोचवतात, पण त्या आठ कुणाविरुद्ध आल्या ते बघतच नाहीत. फॉर्म पिचिंगमधून आलेला असेल तर मी तो मानतो, कारण चांगले स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारे पिचर, दर पाच-सहा दिवसांनी परत येतात. नुसत्या होमरनवर, म्हणजे आपल्या सिक्सरसारख्या फटक्यांवर, चाललेली टीम मात्र एका आठवड्यात थंड पडते. क्लीव्हलँडची बॅटिंग अख्खा सीझन दुबळीच होती, सप्टेंबर त्यांना पिचरांनी काढून दिला. शेवटी ते ८८-७४, डेट्रॉइट ८७-७५, डिव्हिजन क्लीव्हलँडची, आणि मग वाइल्ड कार्ड सिरीजमध्ये त्याच डेट्रॉइटनं क्लीव्हलँडमध्ये जाऊन त्यांना हरवलं.

आणि न्यूयॉर्कची मेट्स टीम! जूनच्या मध्याला ४५-२४, सगळ्यात भारी रेकॉर्ड, आणि शेवटी ८३-७९. सिनसिनाटीचं पण ८३-७९. आयपीएल बघून आलेल्या माणसाला वाटतं आता नेट रन रेट काढतील. इथं आपसातल्या मॅच कुणी जास्त जिंकल्या ते बघतात, सिनसिनाटी आत, मेट्स बाहेर. पूर्वी अशा बरोबरीला १६३ वी मॅच व्हायची, २०२२ पासून ती बंद केली. ताईंना हे अजिबात पटत नाही, मला पण नाही, सहा महिने खेळून बरोबरीत आलात तर मैदानावर निकाल लागायला पाहिजे की.

११ ऑक्टोबरला, शनिवारी, प्लेऑफमधली डेट्रॉइट-सिॲटलची पाचवी, निर्णायक मॅच आपल्याकडं साडेपाचनंतर चालू झाली. स्कुबालनं सहा इनिंगमध्ये तेरा जणांना स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं, त्यातले सात सलग, तरी तो गेल्यावर सिॲटलनं बरोबरी केली आणि नऊ इनिंगची मॅच पंधराव्या इनिंगपर्यंत गेली. वडे संपले, सुशीला संपला, अण्णांनी कुणालाही उठवलं नाही, कामावर निघालेली गिऱ्हाईकं दारात उभी राहून विचारायची हे काय चाललंय आणि मामा त्यांना सांगायचे. साडेदहा वाजून गेल्यावर सिॲटलच्या पोलांकोनं भरलेल्या बेसवर हिट मारली आणि सिॲटल ३-२ नं जिंकलं. दुसऱ्या कुठल्याही हॉटेलात पाच तास एका चहावर बसू दिलं नसतं, आणि आम्ही एका चहावर बसलो पण नाही, तासातासाला काहीतरी मागवत होतो, जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आता कमी काय ते. टीव्ही छोटा आणि भिंतीवर फार वर आहे, मागच्या बाकावरून स्कोअर वाचता येत नाही. नेट मधेच अडकतं आणि नेमकं बॉल हवेत असताना अडकतं. हात धुवायला एकच बेसिन. लहान पोरांना घेऊन जायचं असेल तर रविवारी सातनंतर जा, पहाटे आवाज लई असतो. बायकांनी जायला काही अडचण नाही, ताई कायम असतात आणि अण्णांच्या घरचे पण तिथंच काम करतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. टीव्ही दोन फूट खाली घेतला तर पाच देईन, अण्णांना सांगून ठेवलंय. गाडी मैदानाच्या भिंतीकडंला लावा, हॉटेलसमोर लावली तर दूधवाल्याला अडचण होते. क्रिकेट कळत असेल तर बेसबॉल कळायला एक सकाळ पुरते, फक्त मामांच्या शेजारी बसा, आणि वडा पाहिजे असेल तर आठच्या आत पोचा.