‘अनुभवाने कळतं’च्या पुढे काय? : पुण्यातील एका कार्यशाळेचे परीक्षण

गुंतागुंतीच्या परिस्थितीत माणसे निर्णय कसे घेतात, हे अभ्यासण्याच्या पद्धती शिकवणारी शनिवार-रविवारची एक कार्यशाळा नुकतीच सेनापती बापट रस्त्यावरील एका सभागृहात झाली. निर्णयक्षमता वाढवणारे नेहमीचे प्रशिक्षण समजून आलेल्यांचा तिथे हिरमोड झाला असावा. इतरांचे निर्णय तपासण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांचे शुल्क मात्र पहिल्याच दिवशी वसूल झाले.

तो दिवस जवळजवळ संपूर्णपणे मुलाखतीच्या एकाच पद्धतीला दिला होता. 1980च्या दशकात मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले, तेव्हा हे अधिकारी पर्यायांची तुलना क्वचितच करतात आणि परिस्थितीची ओळख पटताच सुचलेला उपाय मनातल्या मनात चालवून पाहतात, असे त्यांना आढळले. त्या कामातून आकाराला आलेल्या या पद्धतीत एकाच खऱ्या घटनेवरून पुन्हा पुन्हा जायचे असते: आधी हकिकत, मग वेळेचा क्रम, नंतर प्रत्येक वळणावर काय दिसले आणि काय ऐकू आले याची चौकशी, आणि शेवटी ‘इथे नवखा माणूस असता तर कुठे चुकला असता?’ अशा धर्तीचे प्रश्न. प्रात्यक्षिकासाठी चाकणच्या एका कारखान्यातील देखभाल विभागाचे सुपरवायझर बसले होते. हायड्रॉलिक प्रेस वेळीच का थांबवला, यावर त्यांचे पहिले उत्तर ‘अनुभवाने कळतं’ एवढेच होते. पुढच्या फेऱ्यांत मात्र पंपाचा आवाज बदलला होता आणि तेलाची टाकी हाताला नेहमीपेक्षा गरम लागली होती, हे बाहेर आले. प्रशिक्षिकेने उत्तर तोंडात घालणारा एकही प्रश्न विचारला नाही, आणि घडून गेलेली घटना माणूस नकळत नीटनेटकी करून सांगतो, ही पद्धतीची मर्यादाही तिने स्वतःहून मांडली.

दुसऱ्या दिवशीचा ‘बिअर गेम’ रंगला, पण वाया गेला. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात तयार झालेल्या या खेळात किरकोळ विक्रेत्यापासून कारखान्यापर्यंत पुरवठा साखळीचे चार दुवे असतात. ग्राहकांची मागणी एकदाच वाढते, तरी वाटेत असलेला माल हिशेबात न धरल्यामुळे खेळाडू ऑर्डर फुगवत जातात आणि अखेरीस गोदामे तुंबतात. कोणी कोणत्या फेरीत किती मागवले, याच्या नोंदी हाच त्यातला अभ्यासाचा ऐवज. आयोजकांनी ते कागद गोळा केले आणि कोणीही न उघडता सर्वांना जेवायला पाठवले. प्रत्यक्ष कामाच्या जागी बसून करायचे निरीक्षण एका स्लाइडवर उरकले गेले, हे तर औद्योगिक पट्ट्याने वेढलेल्या या शहरात अजिबात पटण्यासारखे नाही. पुढच्या तुकडीला जाणाऱ्यांनी आपल्या कामातली एखादी खरी घटना तपशिलांसह सोबत न्यावी, कारण सरावासाठी दिलेल्या काल्पनिक घटनांमध्ये खोदण्यासारखे फारसे काही नव्हते.